सांत अंतोनची शिक्षा

रेजिना मिरांडा, म्हणजे सगळ्या वाडीची माई, फेब्रुवारीत गेली. दफन करून घरची माणसं पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीतल्या घरी परतली, तेव्हा सुनेच्या, दर्शनाच्या, लक्षात आलं की आल्तारावरचा, म्हणजे घरातल्या काचेच्या देव्हाऱ्यातला, सांत अंतोन अजून भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

आता ज्यांना माई ठाऊक नव्हती त्यांना यात काय मोठंसं वाटणार? पण दर्शनाला त्याचा अर्थ ठाऊक होता. सांत अंतोन हा हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. वस्तू हरवली की माई आधी त्याची नीट प्रार्थना करायची, आणि त्याने कामचुकारपणा केला तर सरळ त्याचं तोंड भिंतीकडे. वस्तू सापडेपर्यंत शिक्षा चालू. मध्येच कुणी दया येऊन त्याला फिरवलेलं तिला खपायचं नाही. म्हणायची, लाडावला की कामाचा राहत नाही. त्यामुळे त्याची पाठ दिसली तरी घरात कुणी कारण विचारत नसे.

आणि अंतोन बिचारा कामाला लागायचाही! शेजारच्या रामदासकाकांचं पेन्शनचं पुस्तक, वरच्या मजल्यावरच्या वैदेहीचं कानातलं, कुणाकुणाच्या किल्ल्या. निम्मी वाडी हिंदू, पण काही हरवलं की सगळे माईच्या दारात. माई शिवण सोडून उठायची, अंतोनला दोन शब्द सुनवायची आणि परत मशीनवर बसायची. दादरमधल्या कितीतरी पोरींचे पहिल्या कम्युनियनच्या विधीचे फ्रॉक त्या मशीनवर शिवले गेले. नवरा लवकर गेला, पदरात ऑल्विन आणि फिलू. पण बुधवारची माहीमच्या चर्चमधली नोव्हेनाची प्रार्थना चुकली नाही आणि संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थनाही, नाही. रोझरीच्या वेळी टीव्ही बंद म्हणजे बंद, मग क्रिकेटची फायनल का असेना.

दर्शना लालबागची, मालवणी घरातली. ऑल्विनशी लग्न करून या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपला देव बदलायचा हुकूम येणार. माईने तसलं काही विचारलंच नाही. तिने विचारलं की तुझी आई मसाल्यात त्रिफळं घालते का. मग दरवर्षी मेमध्ये माई लालबागला मिरच्या घ्यायला जायची आणि विहिणीकडे, म्हणजे शांताबाईंकडे, चहाला थांबायची. दोघींचं एकदाही एकमत झालं नाही. एकीला दुसरीचा मसाला पाणचट वाटायचा, दुसरीला पहिलीचा जळका. पण एकमेकींशिवाय करमायचंही नाही त्यांना.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत माईने दर्शनाला जवळ बोलावून सांगितलं होतं, “आल्तार तू बघ. फिलू देवाला घाबरते. तू त्याच्याशी बोलशील.”

फिलूने, दर्शनाच्या नणंदेने, हे ऐकलं होतं. तिने भांडण केलं नाही, पण तेव्हापासून घरी आली की आधी आल्तारापुढे उभी राहून मेणबत्त्या नीट करायची, आणि अंतोनच्या पाठीकडे बघून सुस्कारा सोडायची. दर्शनाला तो सुस्कारा लागायचा. माईचं शेवटचं काम अर्धवट राहिलेलं, आणि ते ज्या सुनेवर सोपवलं तिला माईचं काय हरवलं होतं तेसुद्धा माहीत नाही! तेरा जूनला सांत अंतोनचा सण. त्या दिवशी माई चर्चमध्ये पाव आशीर्वादून आणायची आणि वाडीभर वाटायची. अंतोन पाठ फिरवून उभा असताना पाव कुठल्या तोंडाने वाटणार?

मग शोध सुरू झाला. दर्शना आणि तिची लेक रेनी यांनी घर उलटंपालटं केलं. माईचा चष्मा सापडला, पण तो तिने शेवटपर्यंत वापरलाच होता. रेनीचा दुधाचा दात सापडला, रुमालात गाठ मारून ठेवलेला. सासऱ्यांचं शर्टाचं सोन्याचं बटण शिवणाच्या मशीनखाली निघालं, तेव्हा ऑल्विन लहान मुलासारखा रडला आणि मग हसला. पण बटण हरवून तर जमाना झाला होता. वाडीत विचारून झालं. कुणाचंच काही हरवलेलं नव्हतं. इतक्या सुखी वाडीचा दर्शनाला पहिल्यांदाच राग आला.

सणाच्या आदल्या दिवशी ती आईला आमंत्रण द्यायला लालबागला गेली. शांताबाईंनी पोहे टाकले. दर्शना सवयीने देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभी राहिली आणि हात तसेच राहिले.

अन्नपूर्णेच्या शेजारी, इवल्याशा गादीवर, जरीचं टोपडं घातलेलं एक बाळ उताणं झोपलं होतं. दोन्ही हात पसरलेले. पुढ्यात लोण्याचा गोळा. उजव्या पायाचा रंग पार उडालेला.

तो पाय दर्शनाने दर नाताळच्या रात्री चुंबला होता. चर्चमधल्या मिस्सावरून आलं की माई बाळ येशूला गव्हाणीत ठेवायची आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याच्या पायाची पापी घ्यायचं. रंग उडाला तो त्यानेच. माईच्या आईने ते बाळ तिला लग्नात दिलेलं. वर्षभर ते कापसात गुंडाळून एका डब्यात असायचं. गेल्या नाताळला मात्र माईने बाळाला गळ्यापर्यंत लेस पांघरली आणि फर्मावलं की यंदा पाय नाही, कपाळाची पापी घ्या, त्याला सर्दी झालीय. मुंबईत सर्दी! सगळे हसले होते.

“हे कुठून आलं गं आई?” दर्शनाने विचारलं.

शांताबाई खूश झाल्या. नाताळच्या आधी विहीणबाईंनी नेवऱ्या-कुलकुलांच्या फराळाचा डबा पाठवला होता ना, त्याच्या तळाशी कापसात गुंडाळलेला निघाला, म्हणाल्या. मुद्दाम बाळकृष्ण पाठवला बाईने, केवढं मन ते. रांगत नाही हे खरं, पण त्यांनी म्हटलं, अजून लहान असेल. संक्रांतीला विहीणबाई तिळगुळाला आल्या तेव्हा हौसेने दाखवला.

“मग? माई काय म्हणाली?”

“काय म्हणणार? बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. लोण्याचं बोट त्यांनी स्वतः लावलंन् त्याला. म्हणाल्या, शांताबाई, हा इथे बाळसं धरतोय, याला इथेच राहू दे.”

दर्शनाने तोंडात पोह्यांचा घास भरला, कारण हसू आणि रडू एकदमच आलं. आईला तिने काही सांगितलं नाही.

घरी येऊन तिने काय केलं तर चप्पलही न काढता आल्तार उघडला आणि अंतोनला फिरवलं. एरवी त्याच्या डाव्या हातावर लाकडी बाळ येशू असतो, खुंटीवर बसवलेला. खुंटी रिकामी होती. बाळ नाताळच्या सामानाच्या खोक्यात मिळालं, लेस पांघरलेलं. गव्हाणीतलं बाळ चुकून फराळाच्या डब्यातून लालबागला गेलं, तेव्हा ऐन वेळी गव्हाणी रिकामी राहू नये म्हणून माईने अंतोनचंच पोर उसनं घेतलेलं! नाताळला तो भिंतीकडे वळला तो शिक्षा म्हणून. पण संक्रांतीनंतरही तो तसाच राहिला, कारण त्याचं बाळ आता गव्हाणीचं झालं होतं, आणि रिकामा हात दिसला असता तर घरात प्रश्न झाले असते, ऑल्विन लालबागला जाऊन आपलं बाळ मागून घेऊन आला असता, आणि शांताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आपल्या आईची एकुलती एक ठेव माईने हसत हसत सोडून दिली, आणि वर संताकडून गुपित पाळून घेतलं.

“सॉरी हां,” दर्शना अंतोनला म्हणाली. “तुझी काही चूक नव्हती.” तिने बाळ खुंटीवर बसवलं आणि आल्ताराची काच पुसली. माईवर तिचं इतकं प्रेम आजवर कधी दाटून आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावांच्या टोपल्या आल्या. रामदासकाका आले, वैदेही आली, शांताबाई नवी साडी नेसून आल्या. अंतोनच्या हातातलं बाळ पाहून त्यांनी कौतुकाने लेकीला विचारलं की हा आपल्याकडच्याचा भाऊ का गं. दर्शना म्हणाली, धाकटा.

फिलू दारातच थबकली. अंतोन हसऱ्या तोंडाने तिच्याकडे बघत होता. तिने पर्स खाली ठेवली, क्रूसाची खूण केली आणि दर्शनाचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

“सापडलं? काय हरवलं होतं मम्मीचं?”

दर्शनाने शांताबाईंकडे पाहिलं. त्या रेनीला पाव वाटायला लावत होत्या.

“हरवलं काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “गव्हाणीतलं बाळ आजोळी गेलंय. माईनेच ठेवलंय त्याला तिथे.”

फिलूने तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. शांताबाईंकडे, मग अंतोनच्या हातातल्या बाळाकडे. मग माईसारखंच, खांदे हलवत, ती हसायला लागली. पदराने डोळे पुसून तिने आल्तारापुढची काडेपेटी उचलली आणि दर्शनाच्या हातात दिली.

“मेणबत्ती तू लाव,” ती म्हणाली. “आल्तार तुझा आहे.”