साखरेच्या डब्यातली रॅम

वहिनींनी कॉम्प्युटर मुद्दाम बिघडवला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर त्यांना उगाच कुणीतरी भोळं समजायचं.

गल्लीत सगळे त्यांना वहिनी म्हणत, कारण त्यांच्या नवऱ्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. बंद पडलेलं मशीन चालू करताना जे टूं टूं वाजतं, त्यावरून काय गेलंय ते जेवता जेवता सांगायचे, घाससुद्धा खाली ठेवायचे नाहीत. मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, "हात बराचसा परत येईल, पण त्याला आत्ताच कामाला लावा. नुसते पडून राहिले तर हाताचं काही खरं नाही."

भाऊंनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दाबायला दिलेला रबरी चेंडू पलंगाखाली गेला. आपलं बोबडं बोलणं कुणी ऐकू नये म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. वहिनींनी समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्यांनी ही युक्ती काढली. बाहेरच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता, त्यावर त्या वकिलांची टायपिंगची कामं करत. दुरुस्तीवाल्याच्याच घरचं मशीन, त्यामुळे त्याचं झाकण वर्षानुवर्षं उघडंच. वहिनींनी प्लग काढला, रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी उपसली आणि साखरेच्या डब्यात लपवली. भाऊंना साखर कधीची बंद होती. अख्ख्या घरात त्यांचा हात जाणार नाही अशी ती एकच जागा.

मग मशीन सुरू करून त्या ओरडल्या, "अहो, पडद्यावर काहीच येत नाहीये हो! नुसता काळा!"

टूं टूं घरभर वाजलं. रॅम गेल्याचा आवाज भाऊ झोपेतही ओळखतील, ही वहिनींना खात्री होती. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. भाऊंनी डोळे उघडले, जरा ऐकलं आणि पांघरूण कानावर ओढलं. ज्या माणसाने कुणाचं बंद मशीन बघून कधी हात आवरला नाही, तो आज कूस बदलून झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वकिलांचा फोन आला. "वहिनी, कागद दुपारी पाठवताय ना?"

"पाठवते," वहिनी म्हणाल्या. हार मानून त्यांनी डब्यातून पट्टी काढली, फडक्याने पुसली, जागेवर दाबून बसवली आणि बटण दाबलं.

टूं टूं. पडदा काळा.

काढली, पुन्हा बसवली. तेच. खोटं दुखणं खरं झालं होतं. बाजारातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याला बोलवावं, हा विचार मनात आला आणि त्यांनी तो तिथेच झटकला. भाऊंच्या घरात परका माणूस येऊन मशीन दुरुस्त करणार आणि भाऊ आत पडून ते ऐकणार? मग ते त्या पलंगावरून कधीच उठले नसते.

"मीच बघते. बघतेच कसं चालू होत नाही ते," त्या पुटपुटल्या.

वायरी काढून लावल्या. मॉनिटरची केबल बदलली. मग नजर गेली पडद्याला चित्र पुरवणाऱ्या आतल्या कार्डाकडे, पण ते स्क्रूने आवळलेलं. स्क्रूड्रायव्हर भाऊंच्या पलंगाशेजारच्या कपाटात, आणि आता त्यांच्याकडे काही मागायला जायचं नाही असं वहिनींनी ठरवलेलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, भाजी चिरायची सुरी घेऊन आल्या आणि तिचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून पिळू लागल्या. करकर आवाज झाला. सुरी घसरली. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"सु... सुली?"

वहिनींनी मान वळवली. चौकटीला धरून भाऊ उभे होते. एकटे चालत आलेले. चेहरा रागाने लाल झालेला.

"सुली... मशीनला?"

"मग काय करू? तुम्ही उठताय थोडेच!"

भाऊ पाय ओढत आले, खुर्चीवर धपकन बसले. डाव्या हाताने सुरी काढून घेतली आणि लांब ठेवली. प्लग काढायची खूण केली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून मशीनच्या लोखंडी पेटीला हात लावला, पट्टी उपसली, उजेडात धरली. मग टेबलावरच्या खोडरबराकडे बोट केलं.

पट्टीची सोनेरी कड खोडरबराने घासायची, हे वहिनींनी शंभरदा पाहिलं होतं. त्याला दोन हात लागतात. त्या पट्टी धरायला पुढे झाल्या.

"हं हं!" भाऊ गुरगुरले.

त्यांनी आपला उजवा हात डाव्याने उचलून टेबलावर ठेवला. बोटं जवळ आणली. पट्टी निसटली. पुन्हा धरली. पुन्हा निसटली. मदतीला हात पुढे जाऊ नयेत म्हणून वहिनी स्वतःच्या हातांवर बसल्या. कागद, वकील, दुपार, काही काही आठवत नव्हतं. तिसऱ्या खेपेला अंगठा आणि बोट मिटलं, थरथरलं, पण सुटलं नाही. भाऊ खोडरबर चालवू लागले.

मग पट्टी जिथे बसते त्या खाचेत त्यांनी टेबलावरचा ब्रश फिरवला आणि थांबले. ब्रशच्या टोकाला काहीतरी पांढरं लागलं होतं. ते बोटावर घेतलं, निरखलं आणि जिभेवर ठेवलं.

कितीतरी वेळ ते वहिनींकडे बघत राहिले. वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, मग छताकडे, मग चोरी पकडली गेलीच म्हणून सरळ त्यांच्याकडे. भाऊंचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा त्याच्या मागे जायची धडपड करू लागला.

पट्टी बसली. वहिनींनी प्लग लावला. बटण दाबलं. एकच छोटं टूं झालं आणि पडदा उजळला.

"आता बसा जरा, मी तुम्हाला पाणी आणते," वहिनी म्हणाल्या.

त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा मागून आवाज आला. सावकाश, एकेक शब्द जुळवत.

"उद्या... दुसलं... काहीतली बिघडव."