रिकामं जातं

मी एक जुना, मूठ फिरवून चालवायचा सिनेमाचा कॅमेरा आहे. मित्रांनो, आता माझ्या पोटात कोळ्याने घर केलं आहे.

बोलपट आले आणि मुंबईच्या कंपनीने मला अडगळीत टाकलं. मला आवाज टिपता येत नाही, मग मुक्याला कोण विचारतो! तिथून रंगनाथरावांनी मला उचललं. लढाईत मुलगा गमावलेल्या आईचा चित्रपट त्यांना, मुका का होईना, स्वतःच्या हिमतीवर काढायचा होता. स्टुडिओ नव्हता, पारनेरचा माळ होता. नगरच्या मिशन शाळेतले गिदोन मास्तर माझी मूठ फिरवत. साल होतं १९४६.

सगळं झालं आणि एक प्रसंग अडला. आई दळत बसली आहे आणि मुलाच्या मरणाची तार येते. हे काम गावातल्याच मनकर्णाबाई करत होत्या, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच जात्यावर. रंगनाथराव सांगत, "ऊर बडवा, हंबरडा फोडा." त्या फोडत, पण ते इतकं खोटं दिसे की मलाच लाज वाटे. असं तीनदा झालं. लढाई संपली तरी फिल्म मिळणं मुश्कील होतं आणि माझ्या पोटात जेमतेम एका मिनिटाची उरली होती.

मनकर्णाबाई चिडल्या. "आसं कुनी करतं व्हय? माज्या श्रीमंतची तार आली तवा मी रडले न्हाई. जात्यात बाजरीचा घास घातलेला हुता. त्यो दळला, मगच हात काडला."

त्यांचा मुलगा ब्रह्मदेशच्या लढाईत पडला होता, हे रंगनाथरावांना ठाऊकच नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

मास्तर हळूच म्हणाले, "मग मावशी, रडू नका. दळत राहा. फक्त नवा घास घालू नका."

"रिकामं जातं फिरवू?" त्या दचकल्या. रिकामं जातं फिरवणं म्हणजे घराला अपशकुन, हे तिकडे लहान पोरही सांगेल. त्यांनी जात्याचा खुंटा धरला. मग म्हणाल्या, "फिरवते. आता काय वाईट व्हायचं राह्यलंय? पर पडद्यावर मला येकदा दावा. त्या दिशी मी कशी हुते, मला काईच कळलं न्हाई."

"दाखवतो," रंगनाथराव म्हणाले.

मास्तरांनी माझी मूठ धरली, पण लय ठरेना. "माज्या ओवीवर फिरवा," त्या म्हणाल्या. ओवी सुरू झाली, जातं आणि मी एका लयीत फिरू लागलो. तार आली. ओवी थांबली, हात थांबला नाही. सुपातली बाजरी तशीच राहिली आणि जातं रिकामंच फिरत राहिलं. माझ्या आयुष्यात मी त्याहून खरं काही पाहिलं नाही.

पुण्यात मोठी वाहवा झाली. पारनेरला दाखवायचं मात्र 'पुढच्या महिन्यात' म्हणता म्हणता राहिलं. पुढे रंगनाथराव वारले. फिल्मचा डबा आणि मी मिशन शाळेच्या पत्र्याखाली तापत पडलो. पाण्याच्या टंचाईत ती फिल्म धड धुतलीही गेली नव्हती.

बारा वर्षांनी मनकर्णाबाई चालत नगरला आल्या. "मास्तर, त्ये दावायचं राह्यलं हुतं."

मास्तरांनी डबा उघडला. आत नुसती तपकिरी भुकटी होती.

बाईंनी चिमूट उचलली आणि पीठ बघतात तशी बोटांत चोळली. "लई बारीक दळलंय," म्हणाल्या आणि झाकण लावून दिलं. मास्तर रडले. त्या रडल्या नाहीत.

मित्रांनो, मला तेल घालू नका, पुसूही नका. पण तुमच्या घरी असा एखादा डबा असेल, तर आज उघडा. ज्याला दाखवायचं कबूल केलं आहे, त्याला आजच बोलवा.