कोलमची गल्ली

शेवंती चार वर्षांची झाली होती. अंगानं थोराड, पण काळीज चिमणीएवढं. उडालेली पिशवी, वाळत घातलेलं जाळं, कुणाची छत्री, काहीही दिसलं की बाईसाहेबांचे चार पाय चार दिशांना! ईसीआर या समुद्रकाठच्या हमरस्त्यालगत सुरूच्या बनाआड अनंतरावांची पागा होती. तंजावरी मराठी माणूस, सत्तरी गाठलेला, पदरी नऊ घोडी. दर रविवारी सकाळी हौशी स्वारांची रांग ते बनातून, कोळ्यांच्या वस्तीतून समुद्रापर्यंत नेऊन आणायचे. त्या रांगेत शेवंती एकदाही समुद्रापर्यंत पोचली नव्हती.

"पोदुम, बस झालं आता," पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीचा मार्गळी महिना लागला तसे ते ऋजुताला म्हणाले. "पोंगल झाला कीं लग्नं सुरू. साहुकारपेठेचा वरातीवाला हिला मागतोय, देऊन टाकतों."

ऋजुतानं शेवंतीच्या गळ्यात हात टाकला. वेलचेरीत राहणारी, मोटारींच्या कारखान्यात नोकरी करणारी ही साताऱ्याची मुलगी दोन वर्षांपूर्वी सहज म्हणून पागेत आली, आणि तेव्हापासून शेवंतीत तिचा जीव अडकला होता. पिशवीला बिचकणारी घोडी बँड आणि फटाक्यांत उभी करायची? त्यापेक्षा विहिरीत ढकललेली काय वाईट!

"काका, पोंगलच्या आधीच्या रविवारपर्यंत थांबा. सगळ्या रांगेच्या पुढे चालवून दाखवते."

"मागें चालेना, ती पुढें चालणार!" अनंतराव हसले. "सरि, बरं. पण त्या दिवशीं अडली तर रडायचं नाहीं गे."

ऋजुता हट्टालाच पेटली. कामावर जायच्या आधी रोज दिवस उजाडताच पागेत हजर. पिशवी शेवंतीच्या दाणाटोपल्याशेजारी बांधली, छत्री रोज एक हात जवळ आणली, बनातली वाट आधी दोर धरून पायी आणि मग खोगिरावर बसून घोटून घोटून पाठ करून घेतली. घोडी बिचकली की थांबायचं, तिला हुंगू द्यायचं, एक पाऊल टाकलं की लगाम सैल. दहा-बारा दिवसांत पिशवी, छत्री, जाळं सगळं पचलं.

पचली नाही ती वस्तीतली गल्ली. मार्गळीत दारोदारी कोलम. आपल्या रांगोळीसारखेच, पण तांदळाच्या पिठाचे आणि एवढे ऐसपैस की अर्धा रस्ता पांढरा. पहिलं पांढरं दिसलं की शेवंती मान वर करून थरथरायची. ऋजुता तिला कडेकडेनं, दोन कोलमांच्या फटीतून नागमोडी काढायची. दहा दिवस काढली. अकराव्या दिवशी घोडी गल्लीच्या तोंडाशीच ठाण मांडून बसल्यासारखी अडली आणि काही केल्या हलेना. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवार पाच दिवसांवर होता.

पहिल्या घराच्या दारात सेल्वी मासळीच्या टोपल्या धूत होती. ती रोज हा तमाशा बघायची. आज तिला राहवलं नाही.

"सारखी वळतेस कशाला? सरळ ये की वरून!" ती तमिळमध्ये ओरडली.

"वरून? कोलमवर पाय कसा देऊ?" ऋजुता आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणाली. रांगोळीला पाय लागला म्हणून लहानपणी तिनं आजीचा धपाटा खाल्ला होता.

"अय्यो! मग मी काढते कुणासाठी? मुंग्या खातात, पोस्टमन तुडवतो, सायकली जातात. दुपारी जशाच्या तसा राहिला तर त्याचा अर्थ काय? माझ्या दारी कुणी आलंच नाही!"

ऋजुताला आपले गुडघे आठवले. पांढरं दिसलं की ते आवळायचे, लगाम बोटभर ओढला जायचा, आणि कोलमला धक्का लागू नये म्हणून श्वाससुद्धा अडकायचा. दहा दिवस ती घोडीला हेच शिकवत होती, की पांढऱ्यात काहीतरी भयंकर आहे. घोडी बिचारी इमानदार, शिकली!

"मीच गाढव," ती मोठ्यानं म्हणाली आणि खाली उतरली.

दोर सैल धरून ती कोलमपाशी गेली. पाय उचलेना. हात आपसूक बुटाच्या नाडीकडे गेला, तशी सेल्वी पोट धरून हसली. ऋजुतानं दात आवळले आणि बुटासकट कोलमच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाठीत धपाटा पडला नाही. तिनं घोडीकडे बघितलंही नाही, नुसती उभी राहिली. बऱ्याच वेळानं मागून गरम श्वास आला. शेवंतीनं मान खाली घातली, पीठ हुंगलं, आणि चक्क चाटलं.

पुढचे चार दिवस रोज चार-चार दारं. आधी पायी, मग खोगिरावरून.

रविवारी सहा स्वार मागे, सर्वांत शेवटी अनंतराव, आणि पुढे शेवंती. जवळजवळ सगळी गल्ली सुरळीत गेली. पण पोंगल जवळ आला म्हणून सेल्वीच्या बहिणीनं शेवटच्या दारात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोलम घातला होता, भोवती गेरूची लालभडक किनार. कोलममध्ये लाल रंग शेवंतीनं कधी पाहिलाच नव्हता. ती थांबली. मान वर, अंगभर थरथर.

मागून कुणीतरी म्हणालं, "झालं, अडली."

ऋजुताचे गुडघे आवळायला निघाले. तिनं ते सोडले. बोटं उघडली, श्वास सोडला आणि गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या समुद्राकडे बघत राहिली. तू थांब, मीही थांबते. बघू कोण आधी कंटाळतं! मागची घोडी फुरफुरत होती.

शेवंतीची मान हळूहळू खाली गेली. तिनं लाल किनार हुंगली, शिंकली, आणि एक पाय आत टाकला. मग दुसरा. मग शांतपणे, घरच्यासारखी, ती कोलमच्या मधून चालत पलीकडच्या वाळूत उतरली. ऋजुता तिच्या मानेवर पडून ढसाढसा रडली.

"रडायचं नाहीं म्हटलं होतं कीं," अनंतराव घोडं शेजारी आणत म्हणाले. "वरातीवाल्याला आजच निरोप देतों. दुसरी बघ म्हणावं."

परत येताना सेल्वी दारात वाटच बघत होती. तिच्या कोलमवर जातानाचे खूर स्पष्ट उमटले होते आणि ती कुणालाही तिथं झाडू लावू देत नव्हती.

"बघ," ती ऋजुताला म्हणाली, "आज आलं कुणीतरी."