पडद्यामागचे अहो

वाचकहो, पुढील मजकुरात एका अस्वस्थ पित्याची हकीकत यथाशक्ती निवेदन केली जाणार आहे. तिच्यात युद्ध नाही, खून नाही, प्रेमप्रकरणही नाही; एक लहान मुलगी आहे आणि तिच्या तोंडचा एक शब्द आहे. तरीही ती शांत चित्ताने वाचावी, ही विनंती.

सदर पिता व्यवसायाने लिफ्ट मेकॅनिक होता. त्याच्या पायाला जणू भिंगरी होती. कोठे काय कुरकुरते, याकडे त्याचे कान सदैव टवकारलेले असत, आणि बसल्या जागी त्याचा गुडघा शिलाई मशीनप्रमाणे हले. मुलगी उठण्यापूर्वी तो घर सोडी व ती निजल्यावर परते. परिणामी बापलेकीची ओळख शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकीच राहिली. त्याला हाक मारण्याची वेळ क्वचितच येई. आली तर ती आईचे ऐकून 'अहो' म्हणे. पहिल्यांदा सारे घर हसले होते. पुढे हसू आटले आणि 'अहो' तेवढा उरला.

अशातच त्याच्या पत्नीला तिच्या जुन्या रुग्णालयातून परत कामावर येण्याचे बोलावणे आले. पाळी सकाळची होती. त्याने स्वतःची पाळी दुपारची करून घेतली. म्हणजे सकाळी मुलगी त्याच्या हवाली. पण आई नुसती जिन्यापर्यंत गेली तरी मुलगी रडून घर डोक्यावर घेई. बापाच्या हातचे पाणीसुद्धा तिला चालत नसे.

"ती तुमच्याजवळ राहिली नाही, तर मला नाही म्हणून कळवावं लागेल," पत्नी एवढेच म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते त्याला अधिक लागले.

वस्तीच्या समाजकेंद्रात दर रविवारी 'बाबांचा तास' भरत असे. बाप व मुले आत, आया दाराबाहेर, असा तेथील नियम होता. त्या नियमावर भरवसा ठेवून तो मुलीला घेऊन गेला खरा, परंतु आत शिरताच त्याचे लक्ष दाराच्या बिजागरीकडे गेले. मुलगी कोपऱ्यात तोंड फिरवून बसली असता हा गृहस्थ स्टुलावर चढून बिजागरीचे स्क्रू पिळीत व तेल घालीत होता. केंद्राच्या ताईंनी त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि कपाटात ठेवला.

"दार आमचं कुरकुरू दे. तुम्ही खाली बसा."

शेजारी एक केशकर्तनकार बसला होता. त्याचा मुलगा त्याच्या पाठीवर चढून त्याचा कान पिरगाळीत होता. तो म्हणाला, "मिस्त्री, इथं स्क्रू पिळायचा नसतो. आपला कान पिळून घ्यायचा."

मेकॅनिक खाली बसला. गुडघा हलतच राहिला. त्यानंतरही तो येत गेला. मुलगी आता कोपऱ्यातून थोडी पुढे सरके, त्याने रचलेले लाकडी ठोकळे पाडी आणि पुन्हा मागे जाई. त्याला वाटे, आपण रचतो आहोत की नुसते पाडून घेतो आहोत?

पत्नी रुजू होण्याच्या आदल्या रविवारी ताईंनी एक खेळ मांडला. सर्व बाप पडद्यामागे उभे राहतील, एकेक मूल आपल्या बापाला हाक मारील आणि तोच बाप बाहेर येईल. मेकॅनिक सर्वांत मागे जाऊन उभा राहिला. तिने हाकच मारली नाही तर? पडद्यामागे त्याची अशी चुळबुळ चालली की शेजारी उभ्या असलेल्या एका बस ड्रायव्हर बापाने त्याचा खांदा दाबून धरला.

एकेक हाक आली, एकेक बाप बाहेर जाऊन मुलाला कडेवर घेऊन पडद्यामागे परत आला. शेवटी मेकॅनिकच्या मुलीचा क्रम आला.  आणि थेट आईच्या ठसक्यात आवाज आला, "अहो, येताय ना?"

आणि विलक्षण प्रकार घडला. केशकर्तनकार, ड्रायव्हर, झाडून सारे बाप एकदम पडद्याबाहेर आले. कारण घरी प्रत्येकाला हीच हाक आणि तिला ओ देण्याची सवय! हशा उसळला. मेकॅनिक मात्र शरमेने मागेच थिजला होता. दाराकडे सटकावे, असा विचारही त्याच्या मनात डोकावला.

मुलीला हसू आले नाही. तिने ती रांग एका टोकापासून निरखली. केशकर्तनकाराने लाडाने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. "तुम्ही नाही," ती गंभीरपणे म्हणाली. मग पडदा उचलून ती आत शिरली, हलणारा तो गुडघा तिने दोन्ही हातांनी धरला आणि जाहीर केले, "हे माझे अहो."

गुडघा थांबला.

पत्नी रुजू झाली त्या सकाळी मुलगी रडली, नाही असे नाही. त्याचा जीव टांगणीला लागला होता. जिन्यावरची पावले विरेपर्यंत त्याने कान दिले, मग फरशीवर बसून ठोकळे मांडले. बऱ्याच वेळाने हुंदका आवरून ती म्हणाली, "अहो, पाणी." पेला भरून तो धावतच आला, निम्मे पाणी तिच्या फ्रॉकवर सांडले. उरलेले ती प्यायली.

दुपारी पत्नी घाईघाईने दारात आली. सवयीने तिने विचारले, "अहो, रडली का हो फार?"

बापाच्या मांडीवरून मुलीने मान वर केली. "तू नको म्हणूस अहो. माझे आहेत. तू बाबा म्हण."

येथे ही हकीकत संपते. आपण वेळ काढून ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
रंगारी अण्णा