उलटे टायर

मित्सुरूने तापलेलं पातं टायरच्या दातात घातलं आणि ओढलं. रबराची काळी चिवट साल वळवळत त्याच्या बुटावर पडली. शेडभर घाण वास सुटला.

"मुळा किसतोयस का?" बाबा म्हणाले.

बाबा, म्हणजे कानेझो, बटाट्याच्या उलट्या खोक्यावर स्टोव्हला पाठ लावून बसले होते. एके काळी त्यांचा गोठा होता. गायी केव्हाच गेल्या, ओरडायची सवय राहिली. दर रविवारी मित्सुरू त्यांना टेकडीवरच्या घरातून खाली आपल्याकडे आणायचा. ते यायचे, आंघोळ करायचे, जेवायचे आणि नावं ठेवायचे. आंघोळीचं पाणी गार. सुनेचं कोबीचं लोणचं पुचाट. आणि आता हे टायर.

"पकड येते बाबा. दाताला अशा बारीक चिरा पाडल्या की कडा बर्फात रुततात."

"चांगला टायर नासवलास."

मित्सुरूने पुढच्या दाताला पातं लावलं.

तेवढ्यात थोरला भाऊ, यासुनोरी, संत्र्यांची पेटी घेऊन शेडमध्ये शिरला. शहरात ऑफिसात बसून बसून त्याचे हात पावासारखे फुगले होते. हातमोजेसुद्धा इस्त्री केल्यासारखे. तो ट्रॅक्टरच्या मागे गेला आणि थांबला.

"अरे, ही मागची चाकं उलटी बसवलीस की काय?"

"मुद्दाम. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे."

"का पण?"

"बर्फ उडवायचं यंत्र कुठे आहे? मागे. म्हणजे बाबांच्या घराचा चढ मी रिव्हर्समध्येच चढतो. मग दातांचं तोंडही उलटं नको?"

यासुनोरीने जरा विचार केल्यासारखं केलं. "म्हणजे ट्रॅक्टर उलटा, मान उलटी, टायर उलटे. आता डोकं तेवढं फिरवून घे."

बाबा खोकला येईपर्यंत हसले.

"साखळ्या लाव ना, चार लोकांसारख्या."

"गेल्या हिवाळ्यात त्याच चढावर तुटली साखळी. मडगार्ड फाडून गेली. तू कुठे होतास तेव्हा?"

"मी कामावर होतो," यासुनोरी म्हणाला. जणू बाकीचे सगळे सहलीला गेले होते. मग त्याने संत्र्यांची पेटी खाली ठेवली आणि आवाज बदलला. "ठरलंय ते लक्षात आहे ना? एक सकाळ. एक सकाळ जरी वरचा रस्ता बंद राहिला, की बाबा माझ्याकडे. नळाचं पाणी उतरवायचं, कुलूप घालायचं, खाली यायचं. कायमचं."

पाणी उतरवायचं म्हणजे ओट्याखालचा दांडा फिरवून नळ्या रिकाम्या करायच्या. नाहीतर बंद घरात पाणी गोठतं आणि नळ्या फुटतात. इथे होक्काइदोत हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि माणूस घरात राहणार असेल तर ऐन थंडीत भरदिवसा दांड्याला कोणी हात लावत नाही, हेही.

"मला विचारतंय कोण," बाबा म्हणाले. "मी म्हणजे गाय. धरा दोरी आणि न्या." मग टायरकडे बघून थुंकल्यासारखं म्हणाले, "पण त्याची काळजी नको. या मुळ्यावर बसून हा माझ्या पायरीपर्यंत यायचाच नाही."

दादाचं घर मित्सुरूने बघितलं होतं. तिसरा मजला, गरम होणारी जमीन, चपला मापाप्रमाणे लावलेल्या, आणि खिडकीतून समोर दुसऱ्याची खिडकी. बाबा तिथे महिन्याभरात सुकून जातील, एवढंही या ढोल्याला कळत नाही. त्याने पातं इतकं जोरात दाबलं की चीर वाकडी गेली.

"ही बघ, वाकडी," बाबा लगेच म्हणाले.

जानेवारी संपता संपता एका रात्री बर्फ पडायला लागलं ते थांबेचना. सकाळी मित्सुरूच्या अंगणातली टपालपेटी दिसेनाशी झाली होती. तो ट्रॅक्टर काढत होता तेव्हाच फोन वाजला.

"सोड आज," यासुनोरी म्हणाला. "इकडे बसही बंद आहेत. बाबांना फोन केलेला मी. रस्ता आज काही उघडत नाही, तयारीला लागा म्हटलं."

"तुला कोणी सांगितलं उघडत नाही म्हणून?"

"मित्सुरू, हट्ट नको. पडशील कुठेतरी."

"तू ऑफिसला जा. गरम चहा पी."

त्याने फोन खिशात कोंबला.

चढाच्या पायथ्याशी ओनोदेरा फावड्याने आपलं दार मोकळं करत होता. याच माणसाने उलट्या टायरांची बातमी गावभर केली होती. मागे मागे चढणारा ट्रॅक्टर बघून तो ओरडला, "तोंड गावाकडे आहे रे त्याचं! ट्रॅक्टरला कळतं, तुला नाही कळत!"

मित्सुरूने काच वर घेतली. मान पूर्ण मागे वळवून तो रिव्हर्समध्ये चढत राहिला. यंत्र बर्फ खात होतं आणि कडेच्या झाडांवर भिरकावत होतं. साखळी तुटली होती त्या वळणावर चाकं एकदम सुळकन फिरली. ट्रॅक्टर आडवा सरकला. खाली ओढा होता. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवला. मग खालून एक खरखर आली, दातांनी काहीतरी धरल्यासारखी, आणि ट्रॅक्टर पुन्हा वर सरकू लागला.

तो एकटाच मोठ्याने हसला. पुढचा सगळा चढ तो दादाला काय काय बोलायचं ते जुळवत होता. ओनोदेरासाठीही दोन वाक्यं तयार केली. बाबांसाठी एकच. मुळा पोचला बाबा, पायरीपर्यंत.

त्याने दार सरकवलं. बाबा उंबऱ्याशीच बसले होते. पायात बूट, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्यावर कानटोपी. शेजारी मोठी पिशवी. पिशवीच्या तोंडातून टॉवेलात गुंडाळलेल्या आईच्या फोटोचा कोपरा बाहेर आला होता.

दुकान बंद करताना आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"आलास?"

"आलो."

"मी गोठ्यात चाललो होतो," बाबा म्हणाले, आणि पिशवी पायाने मागे सारली.

मुळ्याचं ते वाक्य मित्सुरूच्या ओठांवर होतं. ते तसंच राहिलं. "हात गोठलेत," तो म्हणाला. "चहा टाकतो."

स्वयंपाकघर गार होतं. स्टोव्ह विझलेला. किटली धुऊन, पुसून पालथी घातलेली. त्याने नळ उघडला. नळ दोनदा खोकला, थोडी हवा सोडली आणि गप्प झाला. ओट्याखालचा दांडा पूर्ण फिरवलेला होता. चढभर ट्रॅक्टरचा आवाज येत असूनही बाबांनी तो परत फिरवला नव्हता.

तो तिथे उभा राहिला. बाहेर बाबांचा आवाज नव्हता. एरवी एव्हाना त्यांनी चार तरी नावं ठेवली असती. मग त्याने नळ बंद केला, टपटपू नये म्हणून आपण करतो तसा, अगदी घट्ट.

फोन वाजला. तो फोन घेऊन बाबांसमोर येऊन उभा राहिला.

"काय झालं?" यासुनोरी विचारत होता. "पोचलास का?"

बाबा आपल्या बुटांकडे बघत होते.

"नाही," मित्सुरू म्हणाला. "वळणावरच फसलो. पुढे चालत आलो. रस्ता बंद आहे, दादा."

पलीकडून एक लांब श्वास आला. मग हसू. "सांगत होतो तुला. उलटे टायर म्हणे! आता बाबांना खाली कसं आणणार?"

"ट्रॅक्टर उताराला येतो. चढत नाही फक्त."

"मूर्ख आहेस तू."

"हो."

बाबा उठले. पिशवी मित्सुरूच्या हातात दिली नाही, स्वतःच उचलली. अंगणात मोकळा केलेला रस्ता थेट पायरीपर्यंत आला होता. त्या रस्त्याकडे न बघता ते त्यावरून चालत गेले. चाकापाशी थांबले. हातमोज्याने एका दातावरचं बर्फ पुसलं. ती वाकडी चीर तिथेच होती. अंगठ्याने त्यांनी ती दाबून बघितली.

"म्हटलं होतं," ते म्हणाले. "नासवलास चांगला टायर."

आणि आईचा फोटो छातीशी धरून वर चढून बसले.