नाव काढलेली लिंक

मी एक जुनी लिंक आहे. संगणकाच्या पानावरची निळी, अधोरेखित ओळ. मला दाबलं की तुम्ही दुसऱ्या पानावर पोचता. माझ्याजवळ दोनच गोष्टी आहेत मित्रांनो, वर दिसणारे शब्द आणि खाली लपलेला पत्ता. शब्द सगळे वाचतात. पत्ता कोणी बघत नाही.

माझे पहिले शब्द:

पवनारच्या नत्थूजींचा पेटी चरखा

(होते इंग्रजीत. तुमच्यासाठी मराठीत सांगते.)

साल २००४. वर्ध्याच्या विमलाबाई निवृत्त शिक्षिका, सूतकताई शिकवायच्या. त्यांचं पान त्यांचा जुना विद्यार्थी योगेंद्र याने बनवून दिलं होतं. योगेंद्र म्हणजे सिंदी रेल्वे या गावच्या एका कापूस व्यापाऱ्याचा मुलगा. वर्ध्यात त्याचं सायबर कॅफे होतं. त्या पानावर मी जन्मले. मला दाबलं की नत्थूजींचं पान उघडायचं. ते त्यांच्या मुलीने, अंकिताने, त्याच कॅफेत बसून तयार केलं होतं.

नत्थूजी शेती सांभाळून पडवीत सागवानी चरखे घडवायचे. झाकण मिटलं की पेटी, उघडलं की दोन चाकं आणि सूत कातायचं टोकदार चातं. कोणी पुण्याहून मला दाबायचं, कोणी परदेशातून. गिऱ्हाइकं थोडी होती, पण नाव घेऊन यायची.

मग योगेंद्रला एक युक्ती कळली.

गावात नवखा माणूस हाडवैद्याचं घर विचारतो. दहा जण ‘हाडवैद्य’ म्हणत एकाच दाराकडे बोट दाखवतात. तो तिथेच जातो. इंटरनेटवरचं शोधयंत्रही तसंच. इतर पानांवरच्या लिंका कोणते शब्द उच्चारून कोणाकडे बोट दाखवतात ते बघतं आणि त्यावरून पहिला नंबर ठरवतं.

“काकाजी,” योगेंद्र नत्थूजींना म्हणाला, “तुमचं नाव कोण शोधते? लोकाइले चरखा पायजे, नत्थूजी नाई. नाव काढून टाकू.”

“अरे बाप्पा, आमच्या इकडं तं बैलालेही नाव राह्यते!”

“बैल इंटरनेटवर थोडीच इकून राह्यले तुम्ही?”

कॅफेतले सगळे हसले. नत्थूजीही हसले. अंकिताने मान डोलावली, कारण हिशेब खरा होता.

माझे दुसरे शब्द:

पेटी चरखा

योगेंद्रने माझ्या बहिणीही जन्माला घातल्या. त्याने बनवलेल्या प्रत्येक पानावर एक. साडीच्या दुकानाच्या पानावर. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या यादीखाली. त्याच्या बहिणीच्या, रुचिकाच्या, लग्नातल्या हळदीच्या फोटोखाली. सगळ्या एका सुरात म्हणायच्या, पेटी चरखा, पेटी चरखा.

शोधयंत्राने ऐकलं. नत्थूजी पहिल्या नंबरवर गेले.

ते दिवस चांगले होते. पडवी अपुरी पडू लागली. नत्थूजींनी शेजारच्या भागीरथाला हाताशी घेतलं, शेत ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलं, सागवान भरलं. आता घर चरख्यावरच चालणार होतं. विमलाबाई मला बघून म्हणायच्या, “नाव गेलं, पण माणूस पोचला.” मला ते कौतुक वाटायचं.

माझे तिसरे शब्द:

पेटी चरखा

चुकून दोनदा लिहिलं नाही, मित्रांनो. तेच आहेत. एक अक्षर हललं नाही. योगेंद्रने कुठूनसे कारखान्यातले, प्लॅस्टिकच्या चाकांचे चरखे आणले, स्वतःचं दुकान उघडलं आणि माझ्या व माझ्या बहिणींच्या खालचा पत्ता बदलला. आम्ही म्हणत होतो तेच म्हणत राहिलो. बोट मात्र दुसऱ्या दाराकडे वळलं होतं.

काही आठवड्यांत तो पहिला झाला. नत्थूजी कितव्या पानावर गेले, ते शोधायलाही कोणी गेलं नाही.

पवनारला पुढे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. अंकिता विमलाबाईंच्या घरी, संगणकावर माझं पान उघडून, त्यांना सांगत होती, ते ऐकलं. “बाई, बाबाइले वाटते त्याइच्याच हातात खोट आली. चांगला चरखा खोलून बसते. चातं काढते, उन्हात धरते, पुन्हा बसवते. म्हणते, कुठंतरी डगमगत असंल, म्हणून लोकं येऊन नाई राह्यले.”

आणि बोलता बोलता तिने मला दाबलं.

योगेंद्रचं दुकान उघडलं.

दोघी तशाच कॅफेत गेल्या. तिथल्या पडद्यावरही मी होतेच.

“काऊन रे योगेंद्र, ही लिंक नत्थूजीची होती ना?” विमलाबाईंनी विचारलं.

“कुठं लिहून आहे, बाई? वाचा ना तुम्हीच.” त्याने माझ्यावर बोट ठेवलं. “पेटी चरखा. मी काय इकतो? पेटी चरखाच.”

“नाव तूच काढाले लावलंस,” अंकिता म्हणाली.

“आणि तूच हो म्हटलं. जबरदस्ती केलती का मी?”

विमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? माझ्यावर खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं. “माझ्या पानावरून तरी काढ ही,” त्या म्हणाल्या. “काढतो ना, बाई, सवडीनं,” तो म्हणाला. पानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याच्याकडेच होती. ती सवड त्याला कधी झाली नाही.

पुढचंही अंकिताच्याच तोंडून ऐकलं. भागीरथ दुसऱ्या कामाला लागला. नत्थूजींनी लोखंडी सळई चुलीत लाल केली आणि उरलेल्या प्रत्येक पेटीच्या झाकणावर आपलं नाव डागलं. आजवर कधी केलं नव्हतं. त्या पेट्या पडवीत आहेत, एकावर एक.

मित्रांनो, शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही. एवढंच मागते. कोणाच्या हाताचं काम दुसऱ्याला दाखवाल, तेव्हा त्या माणसाचं नाव आधी घ्या. खप कमी झाला तरी चालेल. आणि गोड शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वी खालचा पत्ता वाचा.

पुढे विमलाबाई वारल्या. त्यांचं पान आता कोणी उघडत नाही. शोधयंत्र तेवढं अधूनमधून येतं, मला काय म्हणायचंय ते ऐकतं.

मी म्हणते, पेटी चरखा.

ते योगेंद्रच्या नावावर लिहून घेतं आणि निघून जातं.