वेगळं ठेवलेलं पीठ

पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की मी प्रार्थनेला बसते. मग चूल पेटवण्याआधी प्रभूच्या नावाची एक मूठ पीठ मडक्यात टाकते. माझे मालक, धोंडीरामचे वडील, वारले त्या वर्षापासून हा नेम चुकलेला नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या साऱ्याच बाया अशी मूठ काढतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजन असतं, एकाच भाकरीचा तुकडा सगळे खातात. आदल्या दिवशी त्या आपापलं पीठ माझ्याकडं आणून देतात, आणि सगळं एकत्र मळून मी एकच मोठी भाकरी करते.

त्या साली गिरणीत संप झाला. माझा धोंडीराम संपात होता. बजाबाईचा नवरा एकनाथ आणि मंडळीतले आणखी काहीजण मात्र कामावर गेले. संप मोडला, धोंडीरामची नोकरी गेली, आणि देवळात मधोमध वाट पडली. संपवाले डावीकडं बसू लागले, कामावर गेलेले उजवीकडं. उपासनेनंतर एकमेकांना सलाम करणंही थांबलं. उजवीकडच्या बायांनी पीठ आणायचं सोडलं. एकटी बजाबाई येत राहिली.

धोंडीराम म्हणाला, "आई, त्या फितुराच्या घरचं पीठ भाकरीत घातलंस, तर मी देवळाची पायरी चढणार न्हाय."

"असं बोलू न्हाय, बाळा. प्रभूचं हाय ते."

"प्रभूचं हाय म्हणूनच सांगतो की."

एकुलतं लेकरू. एकदा देवळापासून तुटलं तर परत वळेल का, या भीतीनं मी त्याचं ऐकलं. बजाबाई शनिवारी यायची, पीठ ओतून जायची. ती गेली की मी ते एका डब्यात भरून फळीवर मागं सारून ठेवायची. असं चार महिने केलं. कुणाला कळलं नाही. पहाटेची प्रार्थना चालूच होती.

चौथ्या महिन्याच्या प्रभुभोजनाला पाळकसाहेबांनी भाकरी दोन्ही हातांत उचलली आणि म्हणाले, "तुम्ही एकमेकांकडं बघत नाही. निदान हिच्याकडं बघा. हिच्यात ही थापणाऱ्या रंभाबाईचं पीठ आहे आणि बजाबाईचंही. कुणाचं कुठलं, निवडून दाखवा बरं! बायबलात पौलानं करिंथ शहरातल्या भांडणाऱ्या मंडळीला हेच समजावलं. भाकर एक, तर खाणारे दोन कसे?"

मला निवडून दाखवता येत होतं. बजाबाईचं घरी, फळीवर होतं.

देवळात मी कधी तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी उठले. "साहेब, मोडू नका ती. बजाबाईचं पीठ न्हाय हिच्यात. चार महिने मी वेगळं काढून ठेवलंय."

उजवीकडून कुणीतरी म्हणालं, "घ्या! म्हंजे आमी पंक्तीला हुतोच न्हाय की!"

एकनाथ टोपी घेऊन उठला. डावीकडून धोंडीराम खाली मान घालून बोलला, "तिला काय बोलू नका. मीच लावलं तिला हे कराया."

बजाबाई माझ्याकडं बघत होती. "आक्का, पीठ कोंबड्यांला घातलंस का?"

"न्हाय गं. हाय डब्यात."

"मग चल की. चूल पेटायला कितीसा येळ?"

पाळकसाहेबांनी भाकरी कापडावर ठेवली. "दान वेदीपाशी राहू द्या, आधी समेट करून या, असं प्रभूनंच सांगितलंय. जा बायांनो. आम्ही थांबतो."

माझं घर देवळामागंच. डबा उघडला तर पिठाला जाळी धरलेली. बजाबाईनं ते दोनदा चाळलं, चिमूट जिभेवर ठेवली.

"कडवट झालंय, विरीबी गेली याची. नुसत्याची थापली तर फुटंल."

मी रोजच्या खाण्यातलं ताजं पीठ काढलं, तिच्या मुठीमागं माझी मूठ घातली. तिनं कढत पाण्यात मळलं, मी थापली. भाकरी तव्यावर गेली तेव्हा कुठं मला बोलता आलं.

"बजा, चुकले मी."

"तव्याकडं बघ, करपंल." थोड्या वेळानं ती हलकेच म्हणाली, "संपात घरात तान्हं हुतं, आक्का. माझं दूध आटलं हुतं. म्हणून गेले ते कामाला."

"ठावं हुतं मला," मी म्हणाले. खरंच ठाऊक होतं.

परत आलो तेव्हा चार-पाच माणसं उठून गेलेली होती. एकनाथ होता, टोपी अजून हातातच. पाळकसाहेबांनी नवी भाकरी मोडली, थाळी डावीकडून फिरू लागली. धोंडीरामनं तुकडा खाल्ला. थाळी पलीकडं न्यायला मंडळीचे पंच आले, पण त्यानं ती सोडली नाही. उठला, मधली वाट ओलांडली आणि एकनाथपुढं थाळी धरली.

एकनाथनं वर पाहिलं. "कडू हाय का रं?"

"हाय जराशी, काका."

"असू दे. आण," म्हणत एकनाथनं थाळीत हात घातला.